दुर्लक्षित गोष्टींचा लॉर्ड

पहिल्या वर्षाच्या फिजिक्सच्या पुस्तकात एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं. दुर्बिणीत दोन तारे वेगळे कधी दिसतात, तर रॅलेचा निकष. आकाश निळं का, तर रॅले स्कॅटरिंग. तापलेल्या वस्तूचं प्रारण, तर रॅले-जीन्स. भूकंपाचा धडा काढला तर तिथेही रॅले वेव्ह हजर! वाचणाऱ्याला वाटावं की ही एकाच घराण्यातली चार-पाच माणसं असतील. पण मित्रमैत्रिणींनो, हा एकच माणूस.

मी टेलिकॉमची विद्यार्थिनी. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी थोडं घरचं आणि बरंचसं हॉस्टेलचं. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. या वर्षी सेमिनारला मी सरफेस अकौस्टिक वेव्ह, म्हणजे पृष्ठभागावरून धावणारी आवाजाची लाट, हा विषय घेतला. जो पेपर उघडावा त्याच्या संदर्भांत पहिलं नाव हेच, आणि साल १८८५. आपल्या विषयातले दहा वर्षांपूर्वीचे पेपर जुने वाटतात, आणि हा सव्वाशे वर्षं उलटली तरी चालू नाण्यासारखा खणखणीत. म्हणून या माणसाचं चरित्र शोधून वाचलं. ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

जॉन विल्यम स्ट्रट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ चा, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातला. घराणं उमरावाचं. टर्लिंग या गावी मोठा वाडा आणि भोवती हजारो एकर जमीन. मुलाची प्रकृती मात्र तोळामासा. ईटन आणि हॅरो या दोन बड्या शाळांत त्याला घातलं, पण आजारपणामुळे दोन्हीकडे फार दिवस टिकला नाही. शेवटी एका खासगी शिक्षकाकडे राहून शिक्षण झालं. १८६१ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश. तिथे राउथ नावाचे गणिताचे कोच होते. कॉलेजच्या तासांपेक्षा यांच्या शिकवणीचा बोलबाला जास्त. (क्लासवाल्यांची परंपरा किती जुनी आहे बघा!) १८६५ मध्ये स्ट्रट सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या त्या भयंकर परीक्षेत पहिले आले. आपल्याकडे १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच परीक्षेत सीनियर रँग्लर झाले आणि जन्मभर रँग्लर परांजपे म्हणूनच ओळखले गेले.

पहिला आला, आता पुढे काय? वडिलांची जमीन, घोडे, शिकार, पार्लमेंट असा रस्ता समोर तयारच होता. थोरल्या मुलाने प्रयोगशाळेत हात काळे करणं त्या वर्तुळात चमत्कारिक मानलं जायचं. शिवाय केंब्रिजला तेव्हा विद्यार्थ्यांसाठी फिजिक्सची धड प्रयोगशाळासुद्धा नव्हती. कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उघडली ती १८७४ मध्ये. स्ट्रट यांनी स्वतःच्या पैशाने उपकरणं आणली आणि घरीच प्रयोग सुरू केले.

१८७१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एव्हलिन बॅल्फर यांच्याशी लग्न झालं. त्यांचे भाऊ आर्थर बॅल्फर पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. आणि त्याच वर्षी आकाशाच्या निळ्या रंगाचं गणित छापून आलं. प्रकाशाच्या लांबीपेक्षा खूप लहान कण प्रकाश विखुरतात, आणि हे विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या जवळजवळ सहापट विखुरतो. आज व्हायवामध्ये आपण हे एका दमात सांगतो.

दुसऱ्याच वर्षी संधिवाताच्या तापाने त्यांना असं गाठलं की जिवावर बेतलं. हवापालट म्हणून इजिप्तला गेले, नाईल नदीवर होडीत राहिले. सोबत ग्रंथालय नाही, उपकरणं नाहीत. अशा स्थितीत त्यांनी ध्वनीवरचा मोठा ग्रंथ लिहायला घेतला. द थिअरी ऑफ साउंड या नावाने त्याचे दोन खंड १८७७ आणि १८७८ मध्ये निघाले. आजही अकौस्टिक्सवाले तो उघडतात. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणाऱ्या चंद्रशेखर व्यंकट रामन या मुलावर पुढे या ग्रंथाचा खोल परिणाम झाला. रामननी रॅलेंना पत्र लिहिलं, तेव्हा उत्तराच्या मायन्यात रॅलेंनी त्या पोरसवदा विद्यार्थ्याला प्रोफेसर करून टाकलं होतं असं सांगतात!

१८७३ मध्ये वडील वारले आणि जॉन स्ट्रट तिसरे लॉर्ड रॅले झाले. जमिनीचा कारभार अंगावर आला. थोडी वर्षं त्यांनी तो पाहिला, पण १८७६ मध्ये सगळं धाकट्या भावाच्या हाती सोपवलं. भावाने पुढे दुग्धव्यवसाय असा वाढवला की रॅलेंच्या गोठ्यातलं दूध लंडनमध्ये विकलं जाऊ लागलं.

१८७९ मध्ये मॅक्सवेल अकाली गेले आणि कॅव्हेंडिशची खुर्ची रिकामी झाली. रॅले तिथे आले. शेतीला मंदी लागली होती, उत्पन्न घटलं होतं, हेही एक कारण. लॉर्डलासुद्धा पगाराची नोकरी करावी लागली, हे वाचून मला जरा बरं वाटलं. तिथे पाच वर्षं त्यांनी वरवर बघता अगदी रटाळ काम केलं. ओहम, अँपिअर आणि व्होल्ट ही एककं पुन्हा काटेकोर मोजली. ओहमचं तोवर वापरात असलेलं प्रमाण सव्वा टक्क्याहून जास्त चुकलेलं निघालं. समुद्राखालून तारायंत्राच्या केबल पडत होत्या, विजेचे दिवे येत होते, आणि सगळ्यांच्या पायाशी असलेला ओहमच चुकीचा! या मापनात त्यांच्या मेहुणी एलिनॉर सिजविक यांनी बरोबरीने काम केलं. १८८२ मध्ये कॅव्हेंडिशचे वर्ग मुलींना मुलांसारख्याच अटींवर खुले झाले. आमच्या गर्ल्स हॉस्टेलच्या वतीने रॅलेसाहेबांना इथे एक सलाम.

१८८४ मध्ये खुर्ची सोडून ते टर्लिंगला परतले. त्यानंतरची पस्तीस वर्षं वाड्यातली प्रयोगशाळा हेच त्यांचं जग. उपकरणं साधी, काच, लाख, दोरी असली. पण मापन असं की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं.

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रॅले वायूंची घनता मोजत होते. १८९२ च्या सुमारास नायट्रोजनची पाळी आली. हवेतून ऑक्सिजन काढून टाकून मिळवलेला नायट्रोजन त्यांच्या काचेच्या गोळ्यात भरला आणि तोलला. मग अमोनियाच्या मदतीने नायट्रोजन मिळवला आणि तोही तोलला. दोन्हींत हजारात एक एवढा फरक आला.

आपण काय केलं असतं? हजारात एक म्हणजे प्रॅक्टिकल एरर, असं लिहून सही घ्यायला पळालो असतो. उत्तर आधी आणि रीडिंग नंतर लिहिणारे महाभाग तर प्रत्येक बॅचमध्ये असतात. रॅलेंनी उलटं केलं. फरक लपवायचा सोडून तो वाढवता येतो का ते पाहिलं. अमोनियाच्या पद्धतीत थोडाच नायट्रोजन अमोनियातून येत होता, बाकीचा हवेतलाच होता. म्हणून हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला, की सगळा नायट्रोजन रासायनिक व्हावा. फरक वाढून दोनशेत एक झाला. हवेतल्या नायट्रोजनने भरलेला गोळा सुमारे २.३१० ग्रॅम, रासायनिक नायट्रोजनने भरलेला २.२९९ ग्रॅम. मध्ये फक्त ११ मिलिग्रॅम. त्यांनी हे नेचर साप्ताहिकात छापलं आणि रसायनशास्त्रज्ञांना विचारलं की बाबांनो, हे काय आहे. हलका वायू आठ महिने साठवून पुन्हा तोलला. वजन तेच.

शेवटी १८९४ मध्ये रॅले आणि विल्यम रॅम्झी यांनी मिळून उलगडा केला. हवेत आणखी एक वायू लपलेला होता, कोणाशीच संयोग न पावणारा. त्याचं नाव ठेवलं आर्गॉन, ग्रीक भाषेत आळशी. हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे. म्हणजे जगातला प्रत्येक माणूस तो दर श्वासाला आत घेत होता आणि कुणाला पत्ता नव्हता. वर्कशॉपमध्ये टिग वेल्डिंगचं सिलिंडर दिसलं की हे ११ मिलिग्रॅम आठवा. १९०४ मध्ये रॅलेंना फिजिक्सचं आणि रॅम्झींना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. रॅलेंनी आपली रक्कम केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली. त्यातून कॅव्हेंडिशचा विस्तार झाला.

कुणी म्हणेल, लॉर्ड होता, पोटाची चिंता नव्हती, म्हणून आठ महिने वायू तोलत बसणं परवडलं. मान्य. मलाही हेच वाटलं होतं, आणि ते खोटंही नाही. त्यांच्याच मुलाने लिहिलेल्या चरित्रात एक किस्सा आहे. एकदा रॅलेंच्या एका लेखावरचं नाव चुकून गळालं, आणि परीक्षकांनी लेख फालतू म्हणून परत केला. लेखक कोण हे कळल्यावर तोच लेख चांगला ठरला! नावाची किंमत किती असते हे रॅलेंना चांगलं ठाऊक होतं.

म्हणूनच पुढची हकिकत सांगायला हवी. जॉन जेम्स वॉटर्स्टन नावाचा एक स्कॉटिश माणूस आपल्या मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी कॅडेट मुलांना शिकवायचा. १८४५ मध्ये त्याने मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीला एक निबंध पाठवला. वायूचे रेणू सैरावैरा धावतात आणि तापमान म्हणजे त्यांच्या वेगाच्या वर्गाच्या सरासरीचं माप, असं त्याचं सार. आज हे अकरावीच्या पुस्तकात आहे. तेव्हा परीक्षकांनी तो टाकाऊ ठरवला. निबंध दप्तरात गेला आणि वॉटर्स्टनजवळ प्रतही उरली नाही. पुढे क्लॉसियस आणि मॅक्सवेल यांनी याच विषयात नाव कमावलं. १८८३ मध्ये वॉटर्स्टन एडिंबरामध्ये फिरायला म्हणून घराबाहेर पडला तो परत आलाच नाही.

रॅले १८८५ ते १८९६ या काळात रॉयल सोसायटीचे सचिव होते. त्यांनी दप्तर उकरून तो निबंध शोधला आणि १८९२ मध्ये स्वतःची प्रस्तावना जोडून सोसायटीच्याच नियतकालिकात छापला. सत्तेचाळीस वर्षांनी! वॉटर्स्टनला त्याचा काही उपयोग नव्हता. रॅलेंना तर अजिबातच नव्हता. तरी त्यांनी ते केलं. पैसा आणि पदवी त्या काळी इतरही पुष्कळ लॉर्डांकडे होती. जुन्या दप्तरातली धूळ झटकायला त्यांतला कोणी गेला नाही.

१९०५ ते १९०८ ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते आणि १९०८ पासून शेवटपर्यंत केंब्रिज विद्यापीठाचे कुलपती. संग्रहित ग्रंथात त्यांचे ४४६ लेख आहेत. शेवटच्या वर्षांतही लेखन थांबलं नव्हतं. ३० जून १९१९ रोजी टर्लिंगच्या वाड्यातच त्यांचं निधन झालं. वय ७६.

माणूस गेला, पण माझ्या सेमिनारचा १८८५ चा तो लेख राहिला. तो जेमतेम आठ पानांचा आहे. प्रश्न साधा: घन पदार्थाच्या सपाट पृष्ठभागाला चिकटून एखादी लाट धावू शकेल का? उत्तर: हो. ती साधारण एका तरंगलांबीएवढ्याच खोलीत राहते, खाली झपाट्याने विरते. पृष्ठभागावरचा प्रत्येक कण लंबवर्तुळात फिरतो. वेग पोटातून जाणाऱ्या आडव्या लाटेपेक्षा किंचित कमी. आणि ती खोल न शिरता फक्त पृष्ठभागावर पसरते, म्हणून दूर गेल्यावरही तिचा जोर तुलनेने टिकतो. भूकंपात अशा लाटांचा मोठा वाटा असावा, असं रॅलेंनी त्याच लेखात सुचवलं. १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ओल्डहॅम यांनी नोंदी तपासून भूकंपाच्या वेगवेगळ्या लाटा ओळखल्या, त्यांत पृष्ठभागावरची लाटही होती.

मग ती आमच्या शाखेत कशी आली? १९६५ मध्ये बर्कलीच्या व्हाइट आणि व्होल्टमर यांनी क्वार्ट्झच्या तुकड्यावर कंगव्याचे दोन दाते एकमेकांत घालावेत तसे धातूचे पट्टे बसवले आणि वीज देऊन ही लाट उठवली. फायदा समजून घ्या. ९०० मेगाहर्ट्झचा रेडिओ सिग्नल हवेत असतो तेव्हा त्याची एक लाट ३३ सेंटिमीटर लांब. तोच सिग्नल क्रिस्टलच्या पृष्ठभागावर आवाज म्हणून धावला की लाट सुमारे ४ मायक्रॉनची! म्हणून फिल्टर तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान होतो. आधी हे फिल्टर टीव्हीत गेले, मग मोबाईलमध्ये. हॉस्टेलच्या जिन्यात रेंज शोधत फिरताना तुमच्या खिशात छोटे छोटे भूकंप चालू असतात.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. आवाजाची लाट म्हणजे एकसारख्या अंतरावरच्या चढ-उतारांची रांग, म्हणजेच धावती डिफ्रॅक्शन ग्रेटिंग. ज्यांनी विद्यार्थीदशेत रॅले वाचले त्याच रामननी १९३५-३६ मध्ये नागेंद्र नाथ यांच्यासोबत, द्रवातल्या ध्वनिलहरींवरून प्रकाशाचं विवर्तन कसं होतं याचं गणित मांडलं. पुढची उडी न्यूट्रॉनची. रॅलेंनी सांभाळलेल्या कॅव्हेंडिशमध्येच १९३२ साली चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला होता. १९८७ मध्ये मेलबर्नच्या हॅमिल्टन, क्लाइन, ओपाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन धाग्यांची गाठ मारली. क्वार्ट्झवर रॅलेची लाट धावती ठेवली आणि तिच्यावर अगदी तिरप्या कोनात संथ न्यूट्रॉनचा झोत सोडला.

एरवी घासून जाणारे न्यूट्रॉन गुळगुळीत क्वार्ट्झवरून आरशासारखे परावर्तित होतात. पृष्ठभागावर नॅनोमीटर उंचीच्या लाटा धावू लागल्या की मुख्य झोताच्या शेजारी विवर्तनाचे झोत उमटतात. गंमत अशी की ही ग्रेटिंग न्यूट्रॉनपेक्षा वेगाने पळते! मी सोयीचे आकडे घेऊन गणित करून पाहिलं. एक नॅनोमीटर तरंगलांबीच्या न्यूट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर. क्वार्ट्झवरची लाट सुमारे ३१५० मीटर, म्हणजे आठपट. लाटेची लांबी ०.१ मिलिमीटर आणि झोताचा कोन ०.५७ अंश धरू. लाटा जागच्या जागी गोठलेल्या असत्या तर पहिला झोत ०.६३ अंशाला निघाला असता. पण त्या न्यूट्रॉनच्याच दिशेने धावताहेत, त्यामुळे न्यूट्रॉनला लाटेकडून ऊर्जेचा एक कण मिळतो आणि झोत ०.८९ अंशाला निघतो. ऊर्जा गमावणारा, दुसऱ्या बाजूचा झोत तर या कोनात उमटूच शकत नाही. गाडीची शिट्टी जवळ येताना बारीक ऐकू येते तोच डॉप्लर परिणाम, इथे पदार्थाच्या कणावर. कोन मोजून ऊर्जेतला इतका बारीक बदल पकडता येतो की आकडा लिहिताना शून्यं मोजावी लागतात.

न्यूट्रॉनचे झोत ही काही फक्त परदेशातली गोष्ट नाही. मुंबईत तुर्भ्याला, १९८५ साली सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीवर, अशा झोतांनी पदार्थांचा अभ्यास होत आला आहे. आपल्यापैकी कुणाला तिथे जायचं असेल तर तयारीला लागा.

रॅलेंना ना मोबाईल माहीत होता ना न्यूट्रॉन. आठ पानं लिहिताना त्यांनी उपयोगाचा हिशेब मांडला नसणार. आपल्याकडे मात्र प्रत्येक विषयाला पहिला प्रश्न असतो, याचा प्लेसमेंटला उपयोग काय? प्रश्न चुकीचा नाही. घरी कर्जाचे हप्ते असतात, आपण कुणी लॉर्ड नाही. पण ११ मिलिग्रॅमचा फरक दिसल्यावर तो खोडायचा की लिहायचा, हे ठरवायला जमीनजुमला लागत नाही. मुंबईच्या वॉटर्स्टनकडेही तो नव्हता.

पुढच्या प्रॅक्टिकलला एखादं रीडिंग ग्राफच्या रेषेवर बसलं नाही तर ते पुसू नका. पेन्सिलीने का होईना, जर्नलच्या कडेला लिहून ठेवा. सरांनी विचारलं तर सांगा, रॅलेसाहेब असंच करायचे.